माणसाचं स्केच ते अर्कचित्र: क्रम कुठे चुकतो आणि कसा धरायचा

अर्कचित्रं (कॅरिकेचर) काढायला नुकतीच सुरुवात केलेल्यांच्या वह्या बघितल्या की पहिल्या पानापासून एकच गोष्ट दिसते, नाकं मोठी केलेली. नाक मोठं, कान मोठे, दात पुढे, आणि खाली नाव लिहिल्याशिवाय माणूस कोण ते काही कळत नाही. मग म्हणतात मला लाइकनेस, म्हणजे त्या माणसाशी साम्य, जमत नाही. बहुतेक वेळा हात कच्चा असतो म्हणून हे होत नाही, क्रम उलटा झालेला असतो म्हणून होतं. आधी माणूस बघायचा, मग त्याचं साधं स्केच करायचं, मग तो इतरांपेक्षा वेगळा कुठे आहे ते शोधायचं आणि शेवटी फक्त तेवढंच ताणायचं. हे सगळं सोडून थेट ताणायला बसलं की जे ताणलं जातं ते त्या माणसाचं नसतंच, आपल्या डोक्यात "गमतीदार चेहरा" म्हणून जे काही ठरून गेलेलं असतं तेच दरवेळी कागदावर उतरतं.

खालचा क्रम मी स्वतः वापरते आणि शिकणाऱ्यांनाही हाच देते. पायऱ्या गाळू नका, विशेषतः २ ते ५, कारण सगळ्यात जास्त त्याच गाळल्या जातात.

## आधी तयारी

कागद. सरावाला जाड, भारी स्केचबुक नको. चांगला कागद समोर असला की हात आखडतो आणि पान खराब होईल म्हणून आपण सावकाश, घाबरत रेषा काढतो. न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा कोरा कागद) किंवा एका बाजूने वापरलेले सुटे कागद घ्या, साइज शक्यतो ए-थ्री. लहान पानावर फक्त बोटं हलतात, खांदा हलतच नाही.

पेन्सिल. २बी आणि ४बी पुरे. एचबीची रेष फिकी उमटते म्हणून आपण दाबायला लागतो आणि दाबलेली रेष वळत नाही. पेन्सिल शार्पनरने नको, ब्लेडने किंवा कटरने तासा, शिसं साधारण एक सेंटीमीटर बाहेर राहील असं, म्हणजे टोकाने बारीक आणि आडवी धरून रुंद अशा दोन्ही रेषा एकाच पेन्सिलने येतात. सोबत एक बॉलपेन ठेवा, ते का ते पुढे येईलच.

बोर्ड. हा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. कागद टेबलावर सपाट ठेवून वाकून चित्र काढलं की पानाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो आणि आखूड दिसतो, आपण नकळत तो भरून काढतो, आणि मग चित्र उभं धरल्यावर आकृती लांबुळकी, डोकं वाजवीपेक्षा मोठं दिसतं. बोर्डाला क्लिपने कागद लावा आणि बोर्ड असा तिरका धरा की तुमची नजर पानावर सरळ पडेल. "माझी माणसं अशी ताणलेली का येतात" या तक्रारीपैकी बऱ्याच तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

फोटो वापरणार असाल तर सेल्फी वापरू नका. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान त्यामानाने लांब, त्यामुळे नाक फुगतं आणि कान मागे जातात. म्हणजे कॅमेऱ्याने आधीच एक चुकीचं अर्कचित्र करून ठेवलेलं असतं आणि आपण त्याच्यावर आपलं चढवतो. दोन-तीन मीटर लांबून झूम करून काढलेला फोटो चालेल. एकाच माणसाचे निदान चार हवेत: समोरून, तिरका, बाजूने आणि एक बोलताना किंवा हसताना.

फोनवर टायमर लावा. टायमर नसला की तीस सेकंदांचं स्केच चार मिनिटं चालतं.

## पायरी १: हात मोकळा करणे

पाच मिनिटं, जास्त नाही. दोन ठिपके लांब-लांब द्यायचे आणि एका झटक्यात जोडायचे, कोपर आणि खांद्यातून. मग मोठे लंबगोल, एकावर एक, पेन्सिल न उचलता. लिहिताना धरतो तशी पेन्सिल धरू नका, तळहाताखाली आडवी धरा. झालं, पुढे चला.

## पायरी २: जेश्चर

जेश्चर म्हणजे माणसाची आउटलाइन नाही. तो माणूस काय करतोय ते दाखवणाऱ्या चार-सहा रेषा म्हणजे जेश्चर. रोज तीस सेकंदांची दहा, मग एक मिनिटाची पाच, मग दोन मिनिटांची तीन, एवढं केलं तरी भरपूर.

क्रम असा:

1. पूर्ण आकृती पानात कुठून कुठपर्यंत येणार, त्याच्या वर-खाली दोन बारीक खुणा करा.
2. डोक्यासाठी एक लंबगोल, ज्या बाजूला कललंय त्या बाजूला कललेला.
3. मानेपासून पाठीच्या कण्यातून, ज्या पायावर वजन आहे त्या पायाच्या टाचेपर्यंत एक लांब रेष. हीच मुख्य रेष.
4. खांद्यांची एक तिरकी रेष आणि कमरेची एक.
5. मग हात, मग दुसरा पाय.

एक उदाहरण घेऊ. खुर्चीत बसून मोबाईलमध्ये मान घातलेला माणूस, आजकाल मॉडेल म्हणून हाच सगळ्यात जास्त मिळतो. शिकणारा काय करतो, डोकं काढतो, त्याखाली सरळ मान, सरळ धड, मग धडाला काटकोनात मांड्या आणि मांड्यांना काटकोनात पोटऱ्या, आणि माणूस खुर्चीवर बसलाय असं न दिसता घडीच्या फर्निचरसारखा दिसतो. नीट बघा, त्याची मान खांद्यांच्या वर नसतेच, खांद्यांच्या पुढे आलेली असते, इतकी की कधीकधी हनुवटी छातीच्या पुढे लोंबते. पाठ मागे सी-आकारात फुगलेली, ओटीपोट खुर्चीत पुढे घसरलेलं, त्यामुळे माकडहाडावर बसल्यासारखा तो बसलाय. दोन्ही कोपरं मांड्यांवर किंवा पोटाशी टेकलेली. म्हणजे कपाळापासून निघून मागे पाठीतून वळसा घेऊन पुढे गुडघ्यापर्यंत येणारी एकच मोठी वळणदार रेष आहे. ती आली की बाकी काही नसलं तरी माणूस मोबाईल बघतोय हे कळतं, मोबाईल न काढता.

चेक: तीस सेकंदांच्या स्केचमध्ये तुम्ही डोळे काढले का? काढले असतील तर तो वेळ पाठीच्या रेषेतून चोरलेला आहे. पुढच्या दहात चेहरा कोराच ठेवा.

सावधान: तुकड्यातुकड्यांनी केलेली केसाळ रेष. एका हाताच्या बाहेरच्या बाजूला वीस छोट्या-छोट्या रेषा ओढून आकार "शोधणे" ही सवय एकदा लागली की सुटायला महिने जातात. ही सवय असेल तर आठवडाभर पेन्सिल बंद, फक्त बॉलपेन. खोडता येत नाही हे कळलं की डोळा आधी बघतो आणि हात नंतर हलतो.

## पायरी ३: वजन आणि ओळंबा

उभा माणूस पडतोय असं का दिसतं? कारण त्याचं वजन पायावर आणलेलं नसतं. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला ओळंबा सोडतो, तेच इथे करायचं. पेन्सिल दोन बोटांत वरच्या टोकाला सैल धरा म्हणजे ती उभी लटकते, आणि माणसाच्या गळ्याखालच्या खळग्यावर धरून खाली बघा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर तो खळगा साधारण त्याच पायाच्या वर येतो. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर दोघांच्या मध्ये.

दुसरी गोष्ट, एका पायावर उभं राहिलं की त्या बाजूची कंबर वर जाते आणि तोल सांभाळायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. म्हणजे खांद्याची रेष आणि कमरेची रेष एकमेकींच्या उलट कलतात. आरशासमोर उभं राहून एकदा करून बघा, वाचून हे पटत नाही, अंगात कळतं. शिकणारे दोन्ही रेषा आडव्या आणि समांतर काढतात आणि आकृती गणवेशातल्या कवायतीसारखी ताठ होते.

चेक: खळग्यापासून खाली उभी रेष टाका. ती दोन्ही पायांच्या बाहेर पडत असेल आणि माणूस कशाला टेकलेला नसेल तर पाय हलवा. डोकं नका हलवू, चूक बहुतेक वेळा पायात असते.

## पायरी ४: मोजमाप

आता वेळ पाच ते दहा मिनिटं. एक हात पूर्ण ताठ, कोपर न वाकवता, एक डोळा बंद, पेन्सिलच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत त्या माणसाचं डोकं मोजा आणि तेच माप खाली-खाली उतरवत जा. कोपर थोडं जरी वाकलं तरी माप बदलतं, आणि दर दुसऱ्या मोजणीला ते वाकतंच, म्हणून लक्ष ठेवा.

लक्षात ठेवायची मापं, उभ्या मोठ्या माणसाची:

- पूर्ण उंची साधारण साडेसात डोकी. चित्रकलेच्या पुस्तकात आठ डोकी दिसतात, ती आदर्श आकृतीसाठी. लहान मुलांची डोकी अंगाच्या मानाने मोठी, अगदी तान्हं बाळ जेमतेम चार डोक्यांचं.
- उंचीचा मध्य नाभीवर नाही, जांघेपाशी येतो.
- हात सरळ खाली सोडले तर कोपर कमरेशी, मनगट जांघेच्या पातळीला, बोटांची टोकं मांडीच्या मध्यावर.
- हाताचा पंजा हनुवटीपासून कपाळावरच्या केसांच्या सुरुवातीपर्यंत पोचतो. स्वतःच्या चेहऱ्यावर ठेवून बघा.
- पावलाची लांबी कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढी.

जवळजवळ सगळे जण त्याच तीन चुका करतात, डोकं मोठं, पाय आखूड, पंजे लहान. डोकं मोठं होतं कारण आपण तिथून सुरुवात करतो आणि तिथेच रमतो. पाय आखूड होतात कारण पान संपत आलेलं असतं. पायरी २ मधल्या त्या वर-खालच्या दोन खुणा त्यासाठीच आहेत, त्या गाळू नका.

सावधान: ही मापं तपासायला आहेत, चित्र काढायला नाहीत. समोरचा माणूस सहा डोक्यांचा दिसत असेल तर तो सहाच काढायचा. आणि हेच आकडे पुढे अर्कचित्रात कामाला येतात, कारण साडेसात माहीत असेल तरच समोरचा सहाचा आहे हे डोळ्याला खटकतं.

## पायरी ५: ठोकळे, हात आणि कपडे

जेश्चरच्या रेषांवर आता जाडी चढवायची. छातीचा पिंजरा अंड्यासारखा, कंबर एक ठोकळा, दोघांच्या मध्ये पोट, जे एका बाजूला दबतं आणि दुसऱ्या बाजूला ताणतं. हात-पाय म्हणजे नळकांडी, पण सरळसोट नाहीत, प्रत्येकाला एका बाजूला फुगवटा जास्त असतो.

हाताचा पंजा काढताना बोटं मोजू नका. आधी पूर्ण पंजाचा एक आकार, बोटं जोडलेल्या हातमोज्यासारखा, त्याला अंगठ्याची वेगळी पाचर, मग गरज असेल तरच एखादं बोट सुटं करायचं. पाऊल म्हणजे पाचरच, घोट्याकडे उंच आणि बोटांकडे उतरती.

कपड्यांच्या चुण्या सगळ्या काढायच्या नसतात. चुण्या निघतात त्या ताण पडणाऱ्या जागेपासून, खांदा, काखेचा भाग, कोपर, जांघ, गुडघा. त्या जागेपासून निघणाऱ्या दोन-तीन ठळक रेषा घ्या, बाकी सोडा. धोतर, साडी, सूट काहीही असो, नियम तोच.

## पायरी ६: हलत्या माणसांचं स्केच

बाहेर बसून स्केच करायला लोक घाबरतात, आणि बसले तर पहिल्या माणसाने कूस बदलल्यावर वही मिटतात. माणसं हलणारच. उपाय एकच, एका पानावर एकदम पाच-सहा आकृत्या सुरू ठेवा. माणूस हलला की ते स्केच अर्धवट सोडा आणि त्याच्या नवीन पोजचं दुसरं सुरू करा. माणसं फिरून-फिरून त्याच दोन-तीन पोजमध्ये परत येतात, पाय बदलतात, परत तसेच टेकतात, आणि तो परतला की तुम्हीही जुन्या स्केचवर परता. बरं, ही परत-परत येणारी पोज म्हणजेच त्या माणसाची खूण असते, ती बाजूला लिहून ठेवा.

वाट बघणारे, वाचणारे, झोपलेले, फोनवर बोलणारे निवडा. टक लावून बघू नका, दोन सेकंद बघा आणि खाली बघून आठवणीने काढा. कुणाला अवघडल्यासारखं वाटतंय असं दिसलं तर सरळ थांबा, विचारलं तर वही दाखवा. अनोळखी माणसाचं अर्कचित्र तिथल्या तिथे काढत बसू नका, साधं स्केचच करा.

## पायरी ७: साधं डोकं

अर्कचित्राला हात लावायच्या आधी सरासरी चेहरा डोळे झाकून काढता आला पाहिजे. हा आपला मोजायचा फूटपट्टीचा चेहरा.

डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतात. वाचून सगळे हो म्हणतात आणि काढताना सगळे डोळे वर चढवतात, कारण कपाळ आणि टाळूचा भाग आपल्याला "रिकामा" वाटतो आणि हात तो आखडता घेतो. केसांच्या सुरुवातीपासून भुवई, भुवईपासून नाकाचं बूड, नाकाच्या बुडापासून हनुवटी, हे तीन भाग साधारण सारखे. चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांएवढी, दोन डोळ्यांमध्ये एक डोळा मावतो. कान भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत. ओठांची मधली फट नाकाच्या बुडापासून एक तृतीयांश खाली. बाजूने बघितलं तर डोकं जवळजवळ जितकं उंच तितकंच मागेही खोल असतं, आणि कान मध्यरेषेच्या मागे. मागची कवटी कापली जाणं ही बाजूच्या चेहऱ्यातली नेहमीची चूक.

हा चेहरा समोरून, तिरका आणि बाजूने, निदान वीस-वीस वेळा काढा. कंटाळवाणं आहे, पण पुढची पायरी यावरच उभी आहे.

## पायरी ८: फरक शोधणे (इथे पेन्सिल खाली ठेवा)

अर्कचित्राचं सगळं गणित इथे आहे म्हणून जरा थांबून सांगते.

सुसान ब्रेनन यांनी कॉम्प्युटरकडून अर्कचित्रं काढून घेणारा एक प्रोग्राम केला होता, त्यावरचा त्यांचा लेख १९८५ मध्ये आला. प्रोग्राम काय करायचा, चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू घ्यायचा, सरासरी चेहऱ्यावरच्या त्याच बिंदूंशी ते ताडून बघायचा आणि जो फरक निघेल तो वाढवायचा. नाक मोठं करा असं त्यात कुठेच नाही, फक्त फरक वाढवा. पुढे १९८७ मध्ये गिलियन ऱ्होड्स, ब्रेनन आणि सुसान केरी यांच्या अभ्यासात ओळखीच्या माणसांची अशी ताणलेली रेषाचित्रं तंतोतंत रेषाचित्रांपेक्षा लवकर ओळखली गेली. म्हणजे सरासरीपासूनचा फरक ही आपली खरी सामग्री. आणि मुख्य म्हणजे हे बिंदू, म्हणजे जागा आणि अंतरं. अवयव नाहीत.

माझ्या एका सहकाऱ्याचं अर्कचित्र मला जमत नव्हतं. नाक चांगलं धारदार, म्हणून मी प्रत्येक वेळी नाक वाढवत होते, सात-आठ कागद गेले आणि दरवेळी कुणीतरी भलताच माणूस तयार होत होता. मग पेन्सिल ठेवली आणि फूटपट्टीचा चेहरा मनात ठेवून तीन भाग मोजले. नाक सरासरीच निघालं. वेगळं होतं ते नाक आणि वरचा ओठ यांच्या मधलं अंतर, खूपच लांब, आणि त्यामुळे तोंड खाली हनुवटीच्या जवळ ढकललेलं. नाक धारदार वाटत होतं कारण त्याच्याखाली एवढी मोकळी जागा होती. पुढच्या कागदावर नाक होतं तेवढंच ठेवलं, ती जागा दीडपट केली, तोंड खाली नेलं, हनुवटी बारीक केली, आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्याने लांबूनच नाव घेतलं.

तेव्हा काढायच्या आधी शब्दांत लिहा. या क्रमाने बघा:

1. डोक्याचा बाहेरचा आकार, केसांसकट. उभा, गोल, चौकोनी, वर निमुळता की खाली?
2. तीन भागांपैकी कोणता मोठा, कोणता छोटा?
3. डोळे-नाक-तोंड मध्ये गोळा झालेत की पसरलेत? चेहऱ्याच्या कडेला किती जागा उरते?
4. डोळ्यांमधलं अंतर, नाक-ओठ अंतर, ओठ-हनुवटी अंतर.
5. मानेची लांबी, डोकं कसं धरतो, उभं कसं राहतो.
6. सगळ्यात शेवटी एकेक अवयव. नाक, कान, भुवया, दात.

यातल्या फक्त दोन गोष्टींखाली रेघ मारा. तिसरी पाहिजेच असेल तर ती हलकी ठेवा. सगळंच वाढवलं तर काहीच वाढवलेलं दिसत नाही.

सावधान: व्रण, त्वचेचे डाग, तिरळेपणा, अपंगत्व, आजारामुळे बदललेलं शरीर, हे ताणायचं साहित्य नाही. लहान मुलांचं अर्कचित्र करताना ताण अगदी कमी ठेवा, डोकं मोठं आणि भाव जिवंत एवढं पुरतं.

## पायरी ९: थंबनेल

आता काढायचं, पण छोटं. काडेपेटीएवढी आठ-दहा थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची चित्रं, प्रत्येकी एक मिनिट. यात डोळे-नाक म्हणजे नुसते ठिपके आणि रेघा. ठरवायचं आहे ते डोक्याचा आकार आणि आतल्या गोष्टींची जागा. पहिली दोन-तीन घाबरट येतील, म्हणून चौथ्याला मुद्दाम वाजवीपेक्षा जास्त ताणा, सहाव्याला त्याहून जास्त, मग मागे या. हळूहळू वाढवत गेलेलं कधीच पुरेसं वाढत नाही.

बाहेरचा आकार किती काम करतो त्याचं एक ठोस उदाहरण सांगते. फ्रान्समध्ये व्यंगचित्रकार शार्ल फिलिपॉन यांनी १८३१ मध्ये राजा लुई-फिलिपचा चेहरा चार टप्प्यांत पेर या फळात बदलत नेला होता. वर निमुळतं, खाली भरलेली गालफडं, तेवढ्या आकारावर राजा ओळखू येत होता. तुमच्या थंबनेलचा बाहेरचा आकार पूर्ण काळा भरून बघा. नुसत्या काळ्या आकारात थोडा जरी तो माणूस जाणवला तर ते थंबनेल ठेवा, बाकीची सोडा.

## पायरी १०: मोठं चित्र

निवडलेलं थंबनेल समोर ठेवा, फोटो जरा बाजूला. इथे फोटो समोर राहिला की हात परत तंतोतंत काढायला लागतो आणि ताणलेलं सगळं सरासरीकडे सरकतं.

डोक्याचा आकार हलक्या रेषेत, मग मध्यरेषा (चेहरा वळलेला असेल तर तीही वळणार), मग डोळ्यांची, नाकाची, तोंडाची रेष. अवयव त्यानंतर. आणि एक हिशोब पक्का ठेवा, एक जागा वाढवली की दुसरी कमी करायचीच. कपाळ वाढवलं तर जबडा लहान. जबडा वाढवला तर डोळे-कपाळ दाटीत. फक्त वाढवत राहिलं तर चेहरा नुसता मोठा होतो, वेगळा होत नाही.

डोळ्यांवर वेळ द्या. ताण कितीही असू दे, नजर खरी आली पाहिजे. वरची पापणी जाड, खालची जवळजवळ नाहीच, आणि बुबुळ पूर्ण गोल सुटं दाखवलं की माणूस घाबरलेला दिसतो, वरच्या पापणीखाली ते थोडं दडलेलं असतं. हसताना खालची पापणी वर येते आणि गाल तिला ढकलतो, नुसतं तोंड हसरं काढलं तर हसू खोटं वाटतं. दात एकेक मोजून काढू नका, एक पांढरा आकार ठेवा, कडेला एक-दोन फटी. प्रत्येक दाताला रेघ आली की दात कवळीसारखे दिसतात आणि वय दहा वर्षांनी वाढतं. केससुद्धा आधी एक गठ्ठा, मग कडेवर चार-सहा बटा.

शरीर लहान घ्या, पूर्ण उंचीच्या एक तृतीयांश ते अर्ध डोकंच असू दे, पण पोज त्याचीच हवी. पायरी ६ मध्ये लिहून ठेवलेली ती परत-परत येणारी पोज इथे वापरायची. चेहरा बरा आणि अंग कुणाचंही, अशी अर्कचित्रं खूप बघते मी, आणि तिथे अर्धा लाइकनेस वाया गेलेला असतो.

चेक, शाईच्या आधी: कागद उलटा करून, मग आरशात किंवा फोनवर फ्लिप करून बघा. एक डोळा वर चढलाय, जबडा एका बाजूला गेलाय, हे लगेच दिसतं. मग तीन मीटर लांब ठेवून बघा. चुका सापडल्या तर खोडाखोड करत बसू नका, वर ट्रेसिंग पेपर ठेवून दुसरी आवृत्ती काढा, पहिली शाबूत राहते आणि तुलना करता येते.

## पायरी ११: शाई आणि शेडिंग

शाईची रेष मनगटातून नाही, कोपरातून. लांब वळणं एका दमात, कागद फिरवून सोयीच्या बाजूने. सावलीच्या बाजूला आणि हनुवटी-जबड्याखाली जाड, उजेडाच्या बाजूला बारीक. सगळीकडे एकसारखी जाडी ठेवली की ते स्टेन्सिलसारखं दिसतं.

शाई वाळल्याशिवाय रबर लावू नका, आणि वर पाणी किंवा रंग लावणार असाल तर ती शाई वॉटरप्रूफ आहे का ते त्याच कागदाच्या तुकड्यावर आधी तपासा, रेघ मारा, पाच-दहा मिनिटं थांबा, ओला ब्रश फिरवा. शेडिंग एकाच दिशेच्या उजेडाने. लाइकनेस रेषेत आला नसेल तर शेडिंगने येणार नाही, तिथे मागे पायरी ९ वर जायचं.

## दाखवताना

ज्याचं चित्र आहे त्याला आधी दाखवू नका. त्या माणसाला ओळखणाऱ्या तिसऱ्या कुणाला दाखवा आणि "हा अमुक वाटतो का" असं विचारू नका, नाव ऐकल्यावर सगळ्यांना वाटतोच. नुसतं विचारा, कोण आहे? लगेच नाव आलं तर झालं. "ओळखीचा वाटतोय पण..." असं आलं तर तुमची दोनपैकी एक गोष्ट बरोबर आहे आणि दुसरी चुकली आहे, यादीतली दुसरी बदलून परत थंबनेल करा. काहीच आलं नाही तर पायरी ८ ची यादी फाडून नवीन लिहा, त्याच माणसाचा दुसरा फोटो घेऊन. आणि पानाच्या कोपऱ्यात तारीख टाका, महिन्याभराने तोच माणूस जुनं चित्र न बघता परत काढायचाय.